किरणांची बंडी

थंडीशी खासगी वैर असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात, म्हणून इथेही मामाच म्हणतो. इतरांना थंडी वाजते; मामांच्या ती मागे लागलेली असे. नोव्हेंबरात नाशिकला पहिला गारवा पडला की लोक गॅलरीत उभे राहून म्हणत, “वा, काय मस्त हवा पडलीय!” आणि मामा खिडकीची कडी लावता लावता म्हणत, “आली सटवी.” मी त्यांची नक्कल फार झकास करायचो. आमच्या नात्यागोत्यात ती गाजलेली होती. आता करत नाही. एकदा ती नको त्या वेळी केली, आणि त्यापायी मामांचं हृदय कायमचं अधू झालं. ते कसं, हे सांगायचं तर आधी मामा कसे होते ते सांगायला हवं, आणि मामांबद्दल सांगायला लागलं की हसू येणारच. त्याला माझा इलाज नाही.

मामा पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते. बाहेर हायवेवर टेंपोंची रांग, उन्हानं डांबर पातळ झालेलं, आणि मामा आत शून्य अंशावर द्राक्षांच्या पेट्यांच्या थप्प्या लावून घेतायत. दिवसातून वीस वेळा आत, वीस वेळा बाहेर. भर एप्रिलात स्वेटर-मफलर घालून टपरीवर उभ्याने चहा पिणारा माणूस म्हणून अख्खं पिंपळगाव त्यांना ओळखायचं. रिटायर होऊन नाशिकला इंदिरानगरच्या ब्लॉकमध्ये राहायला आले ते कोल्ड स्टोरेज डोक्यात घेऊनच. आपण उंबऱ्यात पाऊल टाकतोय न टाकतोय तोच आतून ओरड यायची, “दार! दार लाव आधी!” तिकडे गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावायचं, इकडे ऊब. “तत्त्व एकच हाय,” असं ते म्हणायचे. दिवाळीत आत्याचे फराळाचे डबे फळीवर लावायचं काम त्यांचं, आणि दोन डब्यांच्या मध्ये चार बोटं जागा सुटलीच पाहिजे, हवा फिरायला. माझ्या लग्नात फोटोसाठी माणसं उभी करायला कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी पाहुण्यांची अशी थप्पी लावली की प्रत्येक दोन माणसांत वीतभर फट. त्या फोटोत आमचं सगळं खानदान एकमेकांशी अबोला धरून उभं असल्यासारखं दिसतं.

एवढी वर्षं शून्य अंशात काढल्यावर थंडी हाडात मुरली, असं त्यांचं म्हणणं. मुरली असेलही. गुडघे धरायचे, बोटं आखडायची, हे खरंच होतं. त्यावर त्यांनी काय काय केलं नाही! तिळाचं तेल झालं, निलगिरीचं झालं, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकून झालं. डिसेंबरात मामांना भेटायला गेलं तर आधी मामा शोधावे लागत. दोन गंजिफ्रॉक, त्यावर शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा स्वेटर, कानटोपी, आणि ह्या सगळ्यावर आत्याची जुनी शाल. आत्या म्हणायची, “रात्री हे सगळं उतरवेपर्यंत सकाळ होते, मग परत घालायचं. ह्यांचा दिवस असाच जातो.”

आणि मग दोन हजार सालच्या आसपास ते कापड आलं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग होती, खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी मामांना नेलं. टाय लावलेल्या एका गृहस्थानं तिथे सांगितलं म्हणे की ह्या कापडाच्या धाग्यात कसल्याशा दगडाची पूड असते, तिच्यातून किरणं निघतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत पण हाडाला कळतात. रक्त पळायला लागतं, सांधे सुटतात, झोप लागते, भूक लागते. मामा त्या मीटिंगहून परत आले ते वेगळाच माणूस होऊन. थंडीविरुद्ध कोट घालून, माइक हातात घेऊन कुणीतरी बोलावं, याची हा माणूस तीस वर्षं वाट बघत होता हो! आठवडाभरात घरात करड्या रंगाची बंडी आली, गुडघ्याचे पट्टे आले, कमरेचा पट्टा आला, मोजे आले, उशीचा अभ्रासुद्धा आला. त्यांनी मला मोज्यांचा एक जोड दिला. खोटं कशाला बोलू, मोजे गरम होते. पण मोजे गरमच असतात.

आता प्रयोग सुरू झाले. कुणीही घरी आलं की आत्यानं पोहे टाकायचे आणि पोह्यांवर पिळायचं लिंबू मामांनी पळवायचं. अर्धं लिंबू बशीत, अर्धं गुडघ्याच्या पट्ट्यात. पाच मिनिटांनी दोन्ही चाखायला लावायचे. “ह्याचा आंबटपणा कमी झाला का नाय? खरं सांगा!” पट्टा मामांच्या पायातून आत्ताच निघालेला, हे समोरच्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असायचं, तो घाईघाईनं म्हणायचा, “झाला, झाला, एकदम कमी.” एकदा तर मामांनी आंबट द्राक्षांचा घड रात्रभर बंडीत गुंडाळून ठेवला आणि सकाळच्या एसटीनं पिंपळगावला आपल्या जुन्या शेठकडे नेला. शेठनं दोन मणी तोंडात टाकले, एक डोळा मिटला आणि म्हणाला, “लय आंबट हाय की, सायेब.” मामा शांतपणे म्हणाले, “जीभ गार पडलीय तुमची,” आणि एक पट्टा त्याच्याच गुडघ्याला बांधून परत आले.

ह्या वस्तू घेणाऱ्यानं पुढे आणखी लोकांना विकायच्या, अशी ती योजना होती; पण विकणं त्यांना कधी जमलं नाही. कुणी किंमत विचारली की लाजायचे, “राहू दे, आधी गुण येऊ दे,” म्हणायचे आणि वस्तू तिथेच ठेवून यायचे. पहाटे जॉगिंग ट्रॅकवर जायचे ते चालायला नव्हे, लोकांचे गुडघे बघायला. कोण कुठल्या पायावर जोर देतं, कोण बाकावर बसताना “आई गं” करतं, सगळं टिपून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन हजर. एका अनोळखी बाईच्या गुडघ्याबद्दल बोलायला गेले आणि तिच्या नवऱ्यानं दम दिला, असंही एकदा झालं. मामा त्या नवऱ्याकडे निरखून बघून म्हणाले, “तुमची कंबर धरलीय. रागानं नाय ताठ झाला तुम्ही.” पुढे त्या माणसाच्या कमरेला तो करडा पट्टा मी स्वतः पाहिलाय.

आत्याचा ह्या कशावर काडीचा विश्वास नव्हता. पण नाशिकच्या थंडीत दही लागत नाही, विरजण लावलेलं सकाळी दूधच राहतं, ही तिची दर जानेवारीची रड. तिनं एकदा मामांची बंडी विरजणाच्या पातेल्याभोवती गुंडाळली. सकाळी दही असं लागलं होतं की सुरीनं कापावं. आत्या म्हणाली, “एवढ्यापुरतं खरं दिसतंय.” घोंगडीत गुंडाळलं असतं तरी लागलंच असतं, असं मी म्हणालो, तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी दहीच वाढून घेतलं. त्यानंतर तो हिवाळाभर मामांच्या अंगाला ताकाचा वास येत होता आणि ते त्याला किरणांचा वास म्हणत होते.

ह्या सगळ्यात एक गोष्ट होती, जी तेव्हा मला सगळ्यात विनोदी वाटायची. टायवाल्या गृहस्थानं सांगितलं होतं की कापड वापरायला लागल्यावर सुरुवातीला दुखणं वाढलं तर घाबरू नका, ती रिॲक्शन. रोग बाहेर पडतोय. मामांना हा शब्द जो सापडला तो त्यांनी सोडलाच नाही. गुडघा थांबला तर गुण आला. गुडघा जास्त ठणकला तर रिॲक्शन आली. आणि काहीच झालं नाही तर “कापड अजून अंगाची ओळख करून घेतंय.” जोशीकाकांना पडसं झालं, रिॲक्शन. वॉचमनच्या दाढेला कळ लागली, रिॲक्शन. त्यानं पट्टा घोट्याला बांधला होता! मामा अशा वेळी उजवा हात वर न्यायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि घसा खाकरून म्हणायचे, “रोग बाहेर पडतोय. पडू द्या.”

मला तर खाऊच मिळाला. साखरपुडा असो, वास्तुशांत असो, जेवणं झाली की पोरंसोरं आणि मोठी माणसंही मागे लागायची, मामा करून दाखव. मी आत्याची शाल घ्यायचो, हात वर न्यायचो, डोळे मिटायचो, आणि पहिल्या शब्दालाच लोक आडवे व्हायचे. सगळ्यात मोठ्यानं मामा हसायचे. डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. वर सुधारणाही सुचवायचे, “हात एवढा वर नाय नेत मी. खांद्यापर्यंत. बघ, असा.” माणूस इतका गोड की त्याची थट्टा करताना आपण काही वाईट करतोय असं कधी वाटलंच नाही. ते बरोबरही होतं म्हणा, त्या दिवसापर्यंत.

माझ्या मुलीचं बारसं होतं, जानेवारी महिना. आमच्या घरी पन्नास-साठ माणसं, पाळण्याला फुलं लावणं चाललेलं, आत बायकांचा गलका. मी गॅलरीत चुलत-मावस भावांच्या घोळक्यात उभा होतो. मामा जिना चढून आले, दारात जरा थांबले आणि सरळ माझ्याकडे आले. मला बाजूला ओढायला बघत होते, पण जागाच नव्हती. मग हळूच म्हणाले, “एक विचारू का? तू शिकलेला हायस म्हणून विचारतो. जिना चढलो की इथं दाबल्यासारखं होतं. डाव्या हाताला मुंग्या येतात. आठ दिवस झाले. बंडी नवीन घेतली ना मी, दुहेरी कापडाची, तेव्हापासून. रिॲक्शनच असंल ना ही? आत्याला बोलू नको, ती घाबरते.”

मामांनी मला तोपर्यंत कधी काही विचारलं नव्हतं. ते सगळ्यांना सांगायचे. त्या दिवशी विचारत होते. तळहात छातीवर होता आणि नजर माझ्या तोंडावर. हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा मला काय दिसलं? मागे चार भाऊ कान टवकारून उभे आहेत आणि आता मी काय म्हणतो याची वाट बघतायत, एवढंच दिसलं. माझा हात आपोआप वर गेला, खांद्यापर्यंत, अगदी मामांनी शिकवला तसा. डोळे मिटले, घसा खाकरला आणि म्हणालो, “रोग बाहेर पडतोय, मामा. आज तरी दार लावू नका!”

गॅलरी हसून हसून कोसळायची बाकी राहिली. आतून बायका विचारायला लागल्या, काय झालं, आम्हालाही सांगा. मामाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. “बरं,” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन पाळण्याशेजारी खुर्चीत बसले. जेवले थोडंसं. लवकर निघाले. निघताना मुलीच्या पायात त्यांनी करड्या कापडाचे, बोटभर लांबीचे मोजे घातले. आत्याकडून शिवून घेतले होते. मी त्याचाही विनोद केला असेन, आठवत नाही. आठवत नाही हेच बरं आहे.

चौथ्या दिवशी पहाटे मामा जॉगिंग ट्रॅकवर बाकाजवळ कोसळले. ज्याच्या कमरेला पट्टा बांधला होता त्याच माणसानं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोहोचलो तेव्हा नर्स कात्रीनं त्यांच्या अंगावरचे कपडे कापत होती, एकाखाली एक, आणि सगळ्यात आत ती दुहेरी बंडी. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी विचारलं, “आजोबा, याच्या आधी कधी छातीत दुखलं होतं? ह्या आठ-पंधरा दिवसांत?” मी खाटेच्या पायथ्याशी उभा. आत्या माझ्या शेजारी. मामांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाले, “नाय. आजच.”

ते वाचले. पण डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की झटका आज आला असला तरी त्रास आधीपासून असणार, चार-सहा दिवस आधी आणलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं. त्यानंतर मामांना जिना बंद, ट्रॅक बंद, चार पावलं चाललं की दम. आत्या मला म्हणाली, “एका शब्दानं बोलले नाहीत रे हे कुणाला. निदान तुझ्याशी तरी बोलायचं होतं. तुझ्यावर किती जीव त्यांचा!” मी “हो ना,” म्हणालो. अहो, काय म्हणणार होतो मी? तिच्या तोंडाकडे बघून खरं सांगायची माझी छाती झाली नाही. पट्टे, बंड्या, अभ्रा सगळं तिनं एका गोणीत भरून माळ्यावर टाकलं, आणि मामांनी एका शब्दानं विरोध केला नाही. थंडी वाजते असंही म्हणेनासे झाले. मी दर रविवारी जायला लागलो. दार उघडं राहिलं तरी आतून ओरड येत नव्हती. मग मीच परत जाऊन ते लावायचो.

असे तीन हिवाळे गेले. घरच्या कार्यात कुणी कधी म्हणालंच की मामा करून दाखव, तर मी घसा बसलाय म्हणायचो. तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी आत्या भाजी आणायला गेली होती आणि मी व मामा दोघेच होतो. ते खिडकीत उन्हाला बसले होते, नुसत्या एका स्वेटरवर, इतके बारीक झालेले की बघवत नव्हतं. मला एकदम राहवलं नाही. मी म्हणालो, “मामा, बारशाच्या दिवशी तुम्ही मला विचारलंत आणि मी चेष्टा केली. माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली.” आणि मी रडायलाच लागलो, चाळिशीला आलेला माणूस.

मामांनी शेजारचा पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “चेष्टा हाय ते कळलं होतं की मला. मी काय येडा होतो? ती रिॲक्शन नाय, हेपण आतून ठाऊक होतं. पण भ्यालो होतो रे. दवाखान्यात जायचं नव्हतं. तू हसवलंस तर मला वाटलं, चला, सुटलो.” ते थांबले, दम खाल्ला. “फक्त तू त्या वेळी ‘चला मामा’ म्हणला असतास ना, तर आलो असतो. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कोल्ड स्टोरेजमधली एखादी जुनी हकिकत सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, “जाऊ दे. तू तरी काय करणार होतास? घरात बारसं होतं, पाहुणे होते.”

त्या उन्हाळ्यात मामा गेले. त्यांनी माझ्यासाठी शोधलेली ती सबब मी पुष्कळदा मनाशी घोळवून बघितली आहे. बारसं होतं हे खरं, पाहुणेही होते. पण खाली माझी स्कूटर उभी होती आणि दवाखाना दहा मिनिटांवर होता. तेवढा वेळ पाहुणे माझ्यावाचून जेवले असते.